स्क्रॅचमधून गणित: काम कोणते द्यावे?

मुले स्क्रॅचमध्ये, म्हणजे ठोकळे जोडून प्रोग्राम लिहिण्याच्या मुलांसाठीच्या भाषेत, उत्साहाने खेळ तयार करतात, पण त्यांचे गणित मात्र पुढे सरकत नाही, अशी तक्रार आपण पत्रात केली आहे. माझ्या मते अडचण साधनात नसून कामाच्या निवडीत आहे. स्क्रॅचमधले मांजराचे चित्र पडद्यावर पळवायला गणित फारसे लागत नाही. म्हणून गणित केल्याशिवाय जे पूर्णच होणार नाही, असे काम द्यावे.

समभुज त्रिकोणापासून सुरुवात करावी. त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा असतो हे मुलांना पाठ असते, त्यामुळे ‘१०० पावले चाला, ६० अंश वळा’ ही सूचना ती तीन वेळा देतात आणि पडद्यावर अर्धा षटकोन उमटतो. येथे शिक्षकाने वळणाचा १२० हा बरोबर आकडा सांगण्याची घाई करू नये. मुलांना जमिनीवर त्रिकोण आखून त्यावरून चालायला लावावे. म्हणजे आपण आंतरकोनातून नव्हे, तर बाह्यकोनातून वळतो आणि फेरी पूर्ण होईपर्यंत एकूण ३६० अंश वळलेले असतो, हे त्यांचे त्यांनाच उमगते. १९६७ साली सेमूर पॅपर्ट, वॉली फॉयर्झाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी घडवलेल्या लोगो या मुलांसाठीच्या प्रोग्रामिंग भाषेतील, सूचनांप्रमाणे चालत रेषा काढणाऱ्या कासवामागे हाच विचार होता.

यानंतर बाजूंच्या संख्येसाठी एक चल घेऊन वळणाच्या जागी ३६० भागिले तो चल ठेवला की एकाच प्रोग्राममधून कोणतीही सुसम बहुभुजाकृती निघते. सप्तकोनाचा भागाकार संपत नाही, तरी आकृती जुळते. त्यावर अवश्य थांबावे. मग पंचकोनी चांदणी द्यावी: तिथे प्रत्येक वळण १४४ अंशांचे, म्हणजे एकूण ७२० का होते, याचा शोध मुलांना घेऊ द्यावा. मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो, कारण एका फेरीचा नियम येथे दोन फेऱ्यांपर्यंत ताणावा लागतो.

प्रत्येक वेळी प्रोग्राम चालवण्यापूर्वी अपेक्षित आकृती वहीत काढून घ्यावी. अंदाज न लिहिता आकडे बदलत बसल्यास आकृती जमते, पण कारण कळत नाही.

दोन बाबतींत सावध राहावे. बीजगणितातील अक्षर एका उदाहरणात एकच संख्या दर्शवते, तर प्रोग्राममधील चलाची किंमत चालू असतानाच बदलते. तसेच स्क्रॅचमध्ये शून्य अंश म्हणजे वरची दिशा असून कोन घड्याळाच्या दिशेने वाढतात. त्रिकोणमितीत मात्र कोन उजव्या दिशेपासून घड्याळाच्या उलट मोजतात, तेव्हा मोठ्या वर्गांत हा फरक आधीच फळ्यावर काढून दाखवावा.