घरच्या डागडुजीसाठी मिग वेल्डिंग: गॅसवालं की बिनगॅसचं?

प्रश्न: ताई, धायरीत आमचं छोटं घर आहे. फाटकाचा खालचा चौकोनी पाइप गंजून गेलाय, जिन्याचं रेलिंग हलतंय, कपडे वाळत घालायच्या स्टँडचा पाय निखळलाय. एवढ्याशा कामाला फॅब्रिकेटर येत नाही, आणि आलाच तर कामापेक्षा फेरीचे पैसे जास्त. निवृत्त झालोय, हाताला काम हवंय, म्हणून स्वतःच शिकायचं ठरवलं. रविवार पेठेत एका दुकानदाराने ‘गॅसशिवाय चालणारं मिग, २०० अँपिअर, थ्री इन वन’ दाखवलं. पुढच्या दुकानात म्हणाले, गॅसवालं घ्या, बाकी सगळी खेळणी. सगळं मिळून २०,००० रुपयांत बसवायचंय. काय घेऊ?
— एक वाचक, धायरी

उत्तर: दोघेही आपापल्या मालापुरतं खरं बोलले. तुमच्या कामांचं त्यांनी काही विचारलं नाही, ते आपण बघू.

मिगमध्ये तार मशीनच पुढे ढकलतं आणि वितळलेल्या लोखंडाला हवा लागू नये म्हणून टॉर्चमधूनच (हातात धरायच्या नळीच्या टोकातूनच) कार्बन डायऑक्साइड किंवा आर्गॉनचं मिश्रण सोडतात. बंद शेडमध्ये, पातळ पत्र्यावर याच्यासारखं स्वच्छ काम दुसरं नाही. भोसरीच्या आमच्या शेडमध्ये पत्र्याची सगळी कामं आम्ही गॅसवरच करायचो. पण तुमचं फाटक उघड्यावर आहे. थोडा वारा सुटला की गॅस उडून जातो आणि टाक्यात (वेल्डिंगच्या जोडात) छिद्रं पडतात. शिवाय मोठ्या सिलिंडरमध्ये ३० किलोच्या आसपास गॅस असतो आणि रिकामा सिलिंडर त्याहून जड. त्याची अनामत, रेग्युलेटर (कार्बन डायऑक्साइड सुटताना रेग्युलेटर गार पडून गोठतो, म्हणून त्याला हीटर लागतो), भरून आणायची धावपळ. वर्षातून चार टाके मारणाऱ्या माणसाने हे घरात आणून ठेवू नये.

म्हणून तुमच्यासाठी बिनगॅसचं. यातल्या तारेच्या पोटात पावडर असते, ती जळून स्वतःच हवा अडवणारा धूर आणि खपली तयार करते. वाऱ्यात चालतं. धूर आणि ठिणग्या जास्त उडतात, तारही साध्या तारेपेक्षा महाग पडते, पण १ किलोचं रीळ तुम्हाला बरेच दिवस पुरेल. ०.८ मिलिमीटरची घ्या.

आता दुकानात काय बघायचं. पहिली गोष्ट पोलॅरिटी. गॅसच्या साध्या तारेला टॉर्च पॉझिटिव्हवर लागतो, बिनगॅसच्या तारेला निगेटिव्हवर. चांगल्या मशीनमध्ये ही जोडणी उलटी करायची सोय असते, पुढे किंवा झाकणाच्या आत. दुकानदाराला म्हणा, ‘बदलून दाखवा.’ तो गोंधळला, किंवा ‘तसं काही लागत नाही’ म्हणाला, तर नमस्कार करून पुढच्या दुकानात जा. उलट्या पोलॅरिटीवर नुसत्या ठिणग्या उडतात, टाका वर बसतो, आत जात नाही. आणि नवशिका बिचारा स्वतःच्या हाताला दोष देतो.

दुसरी गोष्ट ते २०० अँपिअर. रंगवलेला आकडा सोडा, मागची पट्टी वाचा. तिथे ‘१२० अँपिअर, २० टक्के’ असं काही असेल, तर त्याचा अर्थ १२० अँपिअरवर दहा मिनिटांत दोनच मिनिटं सलग चालवायचं, बाकी वेळ गार होऊ द्यायचं. तुम्हाला हे पुरतं. टाका मारायचा, मागे सरून बघायचं, काटकोन लावायचा, यातच दहा मिनिटं जातात. लोखंडाच्या दर मिलिमीटर जाडीला ढोबळमानाने ४० अँपिअर धरा. फाटकाचा १६ गेजचा पाइप म्हणजे १.६ मिलिमीटर, त्याला ६० ते ६५ झाले. खरे १२० मिळाले तरी ३ मिलिमीटरचा अँगल जुळेल.

आणि खरे २०० मिळाले तरी तुमच्या घरात चालणार नाहीत. १०० अँपिअरवर आर्कला (तार आणि लोखंड यांच्यामधल्या विजेच्या झोताला) साधारण १९ व्होल्ट लागतात, म्हणजे १.९ किलोवॅट, मशीनमधला अपव्यय आणि कमी पॉवर फॅक्टर (लाइनवरून गरजेपेक्षा जास्त करंट खेचायची सवय) धरला तर २३० व्होल्टच्या लाइनवरून १४-१५ अँपिअर खेचले जातात. गिझरचा १६ अँपिअरचा सॉकेट एवढं सोसतो. २०० वर हीच खेच ३५ च्या वर जाते. तेव्हा महावितरणच्या बिलावरचा ‘मंजूर भार’ वाचा, ६ अँपिअरच्या प्लगला मशीन लावू नका, आणि एक्स्टेन्शनची वायर निदान २.५ चौरस मिलिमीटरची घेऊन पूर्ण उलगडून वापरा. गुंडाळी तशीच ठेवली तर ती तापते.

थ्री इन वनमधला तिसरा म्हणजे टिग, वेल्डिंगचा आणखी एक प्रकार. त्याला आर्गॉन आणि वेगळा टॉर्च लागतो, तो विसरा. दुसरा मात्र कामाचा: साधा रॉड. १२ नंबरचा, म्हणजे २.५ मिलिमीटरचा, ६०१३ रॉड जाड लोखंडाला उत्तम. (जुने दुकानदार अजून ‘अडवाणीचा रॉड’ म्हणतात, कंपनीचं नाव अॅडॉर होऊन जमाना झाला.) नवशिक्याने पातळ पाइपवर रॉड लावला की भोक पडतं, तिथे तार बरी.

मशीनवर १२ ते १४ हजारांपेक्षा जास्त घालू नका. बाकीचे पैसे आपोआप काळी होणारी काच, चामडी हातमोजे, चार इंची ग्राइंडर आणि क्लॅम्प यांना ठेवा. क्लॅम्प जुन्या बाजारात स्वस्त मिळतात. टॉर्चच्या टिपा (तार जिच्यातून बाहेर येते ती टोकं) आणि नोझल त्याच दुकानात सुटे मिळतात का, बोर्ड गेला तर पुण्यात कोण दुरुस्त करतं, हेही पैसे देण्याआधी विचारा.

फाटकाबद्दल: गंजक्या पाइपवर टाका मारत बसू नका. लोखंड तिथे कागदाएवढं उरलेलं असतं, एक भोक बुजवायला गेलात की शेजारी दुसरं पडतं. चकचकीत, ठणठणीत लोखंड लागेपर्यंत कापून नवा तुकडा घाला. पाइपवर जस्ताचा मुलामा असेल तर टाक्याच्या दोन्ही बाजूंचं जस्त ग्राइंडरने आधी घासून काढा. जस्त ९०७ अंशांना उकळतं, लोखंड वितळायला १,५०० च्या आसपास लागतात, म्हणजे त्याचा पांढरा धूर आधी निघणारच. तो छातीत गेला की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. काम झाल्यावर पाइपच्या खालच्या अंगाला एक ६ मिलिमीटरचं भोक पाडा. तुमचा पाइप पावसाने बाहेरून गंजला नाही, आत साचलेल्या पाण्याने गंजला. मग रेड ऑक्साइडचा रंग.

रेलिंग फॅब्रिकेटरकडूनच करून घ्या, फेरीचे पैसे गेले तरी चालतील. त्यावर माणूस भार टाकतो. तुम्ही स्टँडपासून सुरुवात करा, त्याआधी भंगारवाल्याकडून १६ गेजच्या पाइपचे तुकडे आणून हात बसवा.

प्रश्न: सोसायटीत वेल्डिंग चालू होतं, मी जवळ उभा राहून बघत होतो. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं, पाणी थांबेना. आईने बटाट्याच्या चकत्या ठेवल्या. दुधाचे थेंब घालू का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर: दूध अजिबात घालू नका, जंतुसंसर्गाला आमंत्रण कशाला? चकत्यांनी गार वाटतं, एवढंच. त्यापेक्षा स्वच्छ ओला रुमाल बंद डोळ्यांवर ठेवा. आर्कचा त्रास काही तासांनी सुरू होतो, म्हणून तो नेहमी रात्रीच कळतो. सहसा एक-दोन दिवसांत उतरतो, तरीही डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. शेडमधली पोरं बधिर करणारे थेंब आपापसांत वाटून घ्यायची, ते मी बंद केलं. त्या थेंबांनी दुखणं कळत नाही आणि जखम भरायला उशीर लागतो.

प्रश्न: बिनगॅसचं मिग घेतलंय. तार रोलरपाशीच गुंता करते. मशीन परत करू का?
— एक वाचिका, हडपसर

उत्तर: थांबा. बहुतेक तुम्ही रोलरचा दाब फार आवळलाय. ही तार पोकळ असते, दाबली की चपटी होते आणि टिपेत अडकते. दाब पूर्ण सैल करा. मग टॉर्च कोरड्या लाकडावर तिरपा धरून तार सोडा आणि ती न घसरता वळून बाहेर येईल इतपतच आवळा. रोलर खाचांचा, दातेरी हवा. गुळगुळीत ‘व्ही’ गाळ्याचा साध्या तारेला. टिपेवर ०.८ लिहिलंय का तेही बघा. टॉर्चची केबल वेटोळी करून काम करू नका. आणि रीळ पावसाळ्यात मशीनमध्ये ठेवत असाल तर तारेवर गंजाचे ठिपके दिसतात का पाहा; दिसले तर वरचे वेढे कापून टाका, उरलेलं रीळ घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा.