वर्ड्‌स्वर्थ वाचायला घेताय? आधी बहिणीची डायरी वाचा

सुविचारांच्या चित्रांवरून इंग्रज कवी वर्ड्‌स्वर्थ गाठायला जाल तर फसाल. ती वाक्यं त्याचीच असतील याचीही हमी नाही.

डॅफोडिलच्या फुलांची त्याची कविता घ्या. तीत तो एकटाच भटकतो. 15 एप्रिल 1802 रोजी अल्सवॉटर तळ्याकाठी ती फुलं खरोखर दिसली तेव्हा मात्र हा एकटा नव्हताच, बहीण डोरोथी सोबत होती. तिच्या डायरीत काही फुलं दमून दगडांवर डोकं टेकून पडलीत, बाकीची वाऱ्यात नाचतायत, हसतायत. भावाने दमलेली फुलं गाळली, बहिणीलाही गाळलं आणि 1807 मध्ये कविता छापली. शेवटाकडच्या दोन सुंदर ओळी तर बायकोच्या, मेरीच्या. हे त्यानेच सांगितलंय. मला यात लबाडी दिसत नाही. पाहिलेलं पुढे कोचावर पडल्यापडल्या कामी येतं, हेच तर तो सांगतो.

मग ‘द प्रिल्यूड’ हे स्वतःच्या आयुष्यावरचं त्याचं दीर्घकाव्य, पण 1805 चा पाठ घ्या. 1850 चा पाठ म्हातारपणी बराच सोवळा केलेला. पहिल्याच भागात चोरलेली होडी आहे: पोरगं वल्हवत दूर जातं तसतसा काळा डोंगर उंच होत पाठीच लागतो. मोठ्याने वाचा. गोंडस निसर्गाची कल्पना तिथेच सुटेल. ‘द एक्स्कर्शन’ या त्याच्या दुसऱ्या दीर्घकाव्याला मात्र इतक्यात हात लावू नका, कंटाळाल.