वाचकांचे प्रश्न : साठाव्या पानावर अडलेली हेरकथा

प्रश्न : जॉन ल कारे यांची 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय' हाती घेतली, पण साठेक पानांनंतर कोण कोणाचा माणूस हेच कळेना. माझं इंग्रजी कमी पडतंय का? आणि शीतयुद्ध संपून इतकी वर्षं झाली, तरी लोक हे का वाचतात?

उत्तर : दोष इंग्रजीचा नाही. १९७४ सालची ही कादंबरी सुरू होते एका शाळेत, पाठ वाकडी झालेल्या नव्या शिक्षकापासून. त्याचा हेरगिरीशी संबंध काय, हे लगेच उलगडत नाही. पुढे बराच काळ कथेचा नायक, हेर जॉर्ज स्मायली, लोकांच्या आठवणी ऐकतो, हॉटेलच्या खोलीत बसून फायली वाचतो. सांगणं आजचं, प्रसंग मागचा. घोळ होतो तो इथेच. म्हणून पुस्तकात एक कागद ठेवा आणि प्रत्येक प्रकरणाला एकच ओळ लिहा : कोण सांगतंय, कधीचं सांगतंय. हेरखात्यातला फितूर कोण, या शोधातल्या संशयितांची सांकेतिक नावं वेगळी मांडा. टिंकर म्हणजे ॲलेलाइन, टेलर हेडन, सोल्जर ब्लँड, पुअरमन एस्टरहेझ आणि बेगरमन खुद्द स्मायली. 'सर्कस' म्हणजे ब्रिटिश हेरखात्याचं लंडनच्या केंब्रिज सर्कस चौकातलं मुख्यालय. 'लॅम्पलायटर' पाळत ठेवतात, 'स्कॅल्पहंटर' परदेशातली दांडगाईची कामं करतात. बाकीची बोली ओघात कळते, शब्दकोश बाजूलाच राहू द्या.

खरं तर आधी 'कॉल फॉर द डेड' (१९६१) वाचा, मग 'द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड' (१९६३). पहिलीतला पूर्व जर्मन हेर मुंट दुसरीत परत येतो, त्यामुळे क्रम उलटा केलात तर पहिलीतली उत्कंठा जाते.

आता टिकण्याचं कारण. अंबाल्यात जन्मलेला, किपलिंगच्या 'किम'वरून टोपणनाव पडलेला किम फिल्बी ब्रिटिश गुप्तहेर खात्यात वरच्या पदापर्यंत पोहोचला होता आणि काम सोव्हिएतांचं करत होता. जानेवारी १९६३मध्ये तो बैरूतहून मॉस्कोला पळाला. त्याच्या सहकाऱ्यांवर जे गुदरलं तेच या कथांच्या मुळाशी आहे : ज्याच्याबरोबर रोज जेवायचं, त्याच्यावरच संशय घ्यायचा. बर्लिनची भिंत पडली म्हणून ते दुःख जुनं होत नाही.

प्रश्न : जॉन बकन यांची 'द थर्टी-नाइन स्टेप्स' आज शिळी वाटेल का?

उत्तर : योगायोग खटकतील, वेग खटकणार नाही. १९१५ची ही कादंबरी दहाच प्रकरणांची आहे. एका सुट्टीच्या दिवशी संपते. पाठलागाचा मोठा भाग स्कॉटलंडच्या गॅलोवेतल्या उघड्या माळांवर घडतो, तेव्हा नकाशा जवळ असू द्या. हिचकॉक यांचा १९३५चा चित्रपट मात्र नंतर पाहा, कारण त्यात 'एकोणचाळीस पायऱ्यां'चा अर्थच बदललेला आहे.