वजन थांबलं, पण नेमकं कधी?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर मॅडम. आम्ही बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातले, गाव जांबोटीच्या बाजूला. मुलगी दीड वर्षाची आहे, जन्म जानेवारीतला. जन्मताना वजन २.८ किलो होतं. सहाव्या महिन्यात ६.९ झालं, नवव्यात ७.३, वाढदिवसाला ७.५ आणि आता ७.६. सहा महिन्यांत फक्त शंभर ग्रॅम! पोट पुढे आलंय, हातपाय काड्यांसारखे. दिवसातून तीन-चार वेळा शी होते, तीही भरपूर, फिकट आणि चिकट. वास इतका की दार उघडावं लागतं. सारखी किरकिर करते, भिंतीचे पोपडे काढून खाते.

तीन डॉक्टर झाले. पहिल्यांनी जंताचं औषध आणि टॉनिक दिलं. दुसऱ्यांनी भूक वाढायचं सिरप दिलं. तिसरे गडहिंग्लजचे, ते म्हणाले, घराण्यातच बारीक अंगकाठी असेल. मी काही बारीक नाही की!

खाणं असं : सकाळी चहात चार बिस्किटं, दहा वाजता रव्याची पातळ खीर, दुपारी भात आणि वरणाचं पाणी, चारला परत बिस्किटं, रात्री दुधात कुस्करलेली अर्धी चपाती. म्हशीचं दूध निम्मं पाणी घालून तीन कप. रात्री एकदा अंगावर पिते. गणपतीनंतर मी काजू फॅक्टरीत जायला लागले, तेव्हापासून दिवसभर सासूबाईच बघतात. त्या म्हणतात, तू कामावर गेलीस म्हणून पोर वाळली.

पुण्याच्या नणंदेने मोबाईलवर वाचून सांगितलं, गहू बंद करा. बारा दिवस झाले बंद करून. पोट थोडं उतरल्यासारखं वाटतं, की मनाचे खेळ, कळत नाही. पुढे काय करू?

ता. क. पत्र मागच्याच महिन्यात लिहिणार होते, पण सासऱ्यांना दिवाळीपासून खोकला आहे, त्यांच्या धावपळीत राहून गेलं.

— एक आई, खानापूर तालुका

उत्तर : ताई, आधी ता. क. बद्दल. दिवाळीपासून खोकला म्हणजे आठ-नऊ महिने झाले, आणि मुलगी दिवसभर त्याच घरात, बहुतेक आजोबांच्या मांडीवर. दोन आठवड्यांवर खोकला टिकला की थुंकी तपासायची, हा नियम आहे. सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी फुकट होते. लहान मुलांना टीबी होतो तो बहुतेक वेळा घरातल्याच मोठ्या माणसाकडून. तेव्हा पहिली फेरी मुलीसाठी नाही, सासऱ्यांसाठी काढा. थुंकीत काही निघालं, तर मुलीचीही तपासणी होईल आणि आजार नसला तरी तिला प्रतिबंधाचं औषध सुरू करतील. पाच वर्षांखालच्या मुलांना ते देतात.

आता मुलगी. तुम्ही पाच वजनं लिहून पाठवलीत, याबद्दल मनापासून आभार. माझ्याकडे येणारी माणसं फायलींची पिशवी ओततात. बेळगावची फाइल, मिरजेची फाइल, गोव्याची फाइल. आपल्या सीमाभागातल्या माणसाला तिन्हीकडे जाता येतं आणि तो तिन्हीकडे जातो. प्रत्येक डॉक्टरला त्या दिवशीचा एकच आकडा दिसतो, आणि एका आकड्यावर टॉनिकशिवाय दुसरं काय लिहिणार? आकडे ओळीने मांडले की मात्र ते बोलायला लागतात.

तुमची लेक सहाव्या महिन्यात ६.९ होती. त्या वयाच्या मुलींचं मधलं वजन ७.३ धरतात, म्हणजे ती अगदी ठीक होती. सहा ते नऊ महिन्यांत पाऊण ते एक किलो वाढायला हवं होतं, वाढलं ४०० ग्रॅम. नंतरच्या तिमाहीत २००. दीड वर्षाला मधलं वजन १०.२ किलो असतं, ती ७.६ वर आहे. घराण्यातच बारीक असलेलं मूल बारीक राहूनही वाढीच्या तक्त्यावरच्या आपल्या रेषेला धरून वर चढतं. ते रेषा सोडून आडवं जात नाही. त्यामुळे गडहिंग्लजच्या डॉक्टरांचं म्हणणं मला पटत नाही.

रेषा वाकली जुलै ते ऑक्टोबरच्या मधे. त्या वेळी घरात काय बदललं? उष्टावण झाल्यावर रवा, बिस्किटं, चपाती आली. गणपतीनंतर तुम्ही कामावर गेलात. आजोबांचा खोकला दिवाळीचा, म्हणजे रेषा वाकल्यानंतरचा. म्हणून टीबी माझ्या यादीत आहे, पण पहिला नाही.

तुम्ही लिहिलेल्या खाण्याचा हिशेब केला. सांडलं-थुंकलं न धरता सहाशे-साडेसहाशे कॅलरी होतात. या वयाच्या मुलीला दिवसाला हजाराच्या आसपास लागतात. तेव्हा खाणं कमी पडतंय, यात वाद नाही. पण एक गोष्ट जुळत नाही. जे मूल नुसतंच कमी खातं, त्याची शी थोडी असते. तुमची मुलगी खाते चिमणीएवढं आणि शी करते भरपूर, फिकट, चिकट. म्हणजे जे आत जातंय तेही अंगी लागत नाही. पुढे आलेलं पोट, वाळलेल्या मांड्या, किरकिर, आणि गहू सुरू झाल्यावर वाकलेली रेषा, हे सगळं एकत्र आलं की सिलियाक या आजाराचा विचार करावाच लागतो. त्यात गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनाने आतड्याच्या आतलं मऊ अस्तर झिजतं. अन्न शोषणारं अंगच सपाट होतं, मग टॉनिक कितीही पाजा.

यात मी स्वतः फसले आहे. वीसेक वर्षं झाली असतील, निपाणीकडचा दोन वर्षांचा मुलगा होता. आई तंबाखूच्या वखारीत कामाला, मुलाला आजी घेऊन यायची. आठ महिने मी त्याला जंताचं औषध दोनदा, झिंक आणि दोन तऱ्हेची टॉनिकं दिली. सिलियाक उत्तरेकडचा, गहू खाणाऱ्या लोकांचा आजार, असं आमच्या डोक्यात बसलेलं. आपण भात-भाकरीची माणसं! नवरात्र झाल्यावर आजी आली आणि सहज म्हणाली, "डॉक्टरीणबाई, उपवासाला ह्याचं पोट बरं असतंय बघा." ती नऊ दिवस उपवास करायची आणि नातू तिच्याच ताटात जेवायचा. वरीचे तांदूळ, साबुदाणा, राजगिरा. कशातही गव्हाचा कण नाही. दसऱ्याला पुऱ्या खाल्ल्या आणि परत सुरू. जे मला आठ महिन्यांत सुचलं नाही, ते तिने ताटावरून ओळखलं होतं.

गव्हाचा हा दोष जगाला पटला, त्यातही अशीच एक गोष्ट आहे. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाला गव्हाचा संशय आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला. सगळा देश उपाशी असताना या आजाराची मुलं सुधारत होती, आणि पाव परत आल्यावर ती पुन्हा आजारी पडली.

म्हणून तुमच्या नणंदेचा संशय मला वेडगळ वाटत नाही. पण घाई मात्र चुकली. गहू आजपासून परत सुरू करा. वाचून दचकाल, पण कारण आहे. यासाठी रक्ताची जी तपासणी करतात (टीटीजी-आयजीए, आणि सोबत एकूण आयजीए मागून घ्या, नाहीतर क्वचित रिपोर्ट फसवा येतो), ती मूल गहू खात असतानाच खरी उतरते. बारा दिवसांनी फार बिघडलं नसेल. महिना-दोन महिने किंवा जास्त गहू बंद ठेवून गेलात, तर रिपोर्ट फसवा साफ येऊ शकतो आणि आजार होता की नव्हता, हे कळणं अवघड होतं. रोज अर्धी चपाती किंवा रव्याची खीर चालू ठेवा आणि याच आठवड्यात रक्त द्या. आकडा जास्त आला तर पोटविकाराचे बालतज्ज्ञ बहुधा दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा तपासतील. गहू कायमचा बंद करायचा निर्णय त्यानंतरचा, आणि तो त्यांनी सांगितल्यावरच.

त्याच सुईत हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही करून घ्या. पोपडे खाणं हे बहुतेक वेळा लोह कमी असल्याचं लक्षण असतं. लघवीची साधी तपासणी आणि कल्चर करा. मुलींमध्ये लघवीचा संसर्ग ताप न येताही मुरत राहतो आणि वजन खातो. शी ताजी तपासायला द्या. जिआर्डिया नावाचा परजीवी हुबेहूब असंच चित्र उभं करतो, आणि तो निघाला तर थोड्या दिवसांच्या औषधात सुटका. मला विचाराल तर तोच निघावा.

रिपोर्ट येईपर्यंत हात बांधून बसायचं नाही. दुधातलं पाणी आजच बंद करा. म्हशीचं दूध जड पडतं म्हणून पाणी घालतात, पण दीड वर्षाच्या मुलीला ते पचतं. दिवसाला चारशे-साडेचारशे मिलिलिटर पुरे, दुधानेच पोट भरलं तर ती जेवणार नाही. चहा पूर्ण बंद, तो अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. बिस्किटं चहाबरोबरच जातील. वरणाचं पाणी नको, खालची डाळ घ्या, भातात मऊ कालवा आणि वर चमचाभर तूप किंवा तेल. त्या एका चमच्यात ४५ कॅलरी असतात. खानापूरकडे नाचणी घरची असते, तिची खीर गूळ-तूप घालून, त्यात दाण्याचं बारीक कूट. चालत असेल तर रोज एक अंडं, नाहीतर केळं. एका वेळी वाटीभर जाणार नाही, म्हणून दिवसातून सहा वेळा थोडं थोडं.

सासूबाईंचं म्हणणं मला मान्य नाही. पण त्यांनाही दोष देऊ नका. किरकिरं पोर ज्याला तोंड उघडतं तेच आजी देते, आणि बिस्किटाला प्रत्येक पोर तोंड उघडतं. भांडू नका, पुढच्या वेळी त्यांनाच घेऊन डॉक्टरकडे जा. निपाणीची आजी मी विसरलेले नाही.

सिलियाक निघालाच, तर रवा, मैदा, शेवया, बेकरीचा टोस्ट बंद होईल, त्याचबरोबर बाजारच्या डबीतला हिंगही, कारण त्यात बहुधा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. गिरणीत गव्हाच्या पाठोपाठ तुमची ज्वारी दळली तर तेवढ्यानेही बाधतं. पहिला नंबर लावा किंवा घरी दळा. अंगणवाडीतून पीठ मिळत असेल तर त्यात गहू आहे का, अक्कांना विचारून घ्या. बाकी तांदूळ, ज्वारी, नाचणी, डाळी सगळं आपलंच आहे. माझा तो निपाणीचा मुलगा आता कॉलेज संपवून नोकरीला लागलाय. लग्नात गव्हाच्या मांड्यांच्या पंगतीतून उठतो आणि दुधाच्या कुंद्याची वाटी दोनदा मागतो.

पायावर सूज येऊन बोट दाबल्यावर खळगा राहिला, अंग तापलं, पोर मलूल झाली किंवा काहीच घेईना, तर रिपोर्टची वाट न बघता जिल्हा रुग्णालयात न्या. अंगणवाडीत दंडाचा घेरही मोजून घ्या. तो साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली असेल तर जिल्हा रुग्णालयातल्या पोषण पुनर्वसन केंद्रात भरती करावं लागू शकतं. आई सोबत राहते, बुडालेल्या मजुरीपोटी थोडे पैसेही मिळतात.

आणि एक काम. तुमच्याकडे तायी कार्ड, म्हणजे आई-बाळाच्या तपासण्यांचं सरकारी कार्ड, असेल. कन्नडात तायी म्हणजे आई, आपल्या बायका त्याला ताईचं कार्ड समजतात, असो. त्यात वाढीची दोन पानं असतात, मुलांचं निळं, मुलींचं गुलाबी. कन्नड वाचता आलं नाही तरी ठिपके वाचता येतात. हिरव्या पट्ट्यात सुरू झालेली तुमची रेषा आता पिवळ्यात असणार. ती गुलाबी पानावरच काढली आहे ना, एवढं बघा. निळ्यावर काढलेली मी पाहिली आहे. दर महिन्याला त्याच काट्यावर, कपडे काढून वजन करा आणि ठिपका स्वतः द्या. पुढच्या पत्रासोबत रिपोर्ट पाठवाल तेव्हा त्या पानाचा फोटोही पाठवा. मी आधी तोच बघेन.