दहा वर्षं झाली, काहीच त्रास नाही. तरी सिलिकॉनचे ब्रेस्ट इम्प्लांट बदलावेच लागतात का?

नाही, त्रास नसेल आणि तपासणीत कवच शाबूत दिसत असेल, तर केवळ दहा वर्षं झाली म्हणून बदलायची गरज नाही. अर्थात ते जन्मभर पुरतील असंही नाही. वर्षं वाढतात तशी फाटण्याची, किंवा शरीरानं इम्प्लांटभोवती तयार केलेलं आवरण आवळून स्तन कडक होण्याची शक्यता वाढते. सलाइनचं इम्प्लांट फुटलं की बाजू बसते, लगेच कळतं. सिलिकॉनचं फाटलं तर जेल बरेचदा तिथंच राहतं आणि हाताला काहीच जाणवत नाही. म्हणूनच अमेरिकेच्या एफडीएची २०२० सालची शिफारस आहे, की शस्त्रक्रियेनंतर पाच-सहा वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय करावी आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी. तुमची राहून गेली असेल तर आधी ती करून घ्या. (मॅमोग्राफी वेगळी, ती चुकवू नका आणि इम्प्लांट आहेत हे तिथं आधीच सांगा.)

मात्र एका बाजूला सूज, गाठ, दुखणं किंवा आकारात फरक दिसला तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नका. विशेषतः खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवती उशिरा पाणी साचलं, तर ते लिम्फोमासाठी तपासायलाच हवं. हा कर्करोग दुर्मीळ आहे, पण लवकर सापडला तर इम्प्लांट आवरणासकट काढून बहुतेकदा बरा होतो.