हाडं बारीक, फौज मोठी

या महिन्यातली बहुतेक पत्रं इंदूरहून आली आहेत आणि जवळपास सगळी एकाच विषयावर आहेत: वॉरगेमच्या टेबलावर उभे करायचे प्लास्टिकचे सांगाडे. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. साधारण २८ मिलिमीटर मापाच्या या छोट्या मूर्ती, म्हणजे मिनी, पॉलिस्टायरीन नावाच्या कडक प्लास्टिकच्या फ्रेमला जोडलेल्या येतात. त्या कापायच्या, चिकटवायच्या, रंगवायच्या आणि मग फासे व मोजपट्टी घेऊन टेबलावर लढाई लावायची. सांगाड्यांची फौज नवख्यांना सोपी वाटते, कारण रंग एकच. पण या मंडळींच्या अंगावर मांस नाही, त्यामुळे चूक लपवायलाही काही नाही.

प्रश्न: वीस सांगाड्यांचा एक डबा आणला. फ्रेममधून काढतानाच तीन घोट्यात मोडले आणि दोन भाले तुटले. निपर (कापायची छोटी पक्कड) चांगला आहे, नवीनच आहे. मग चुकतंय कुठे? (सुदामा नगर)

निपरचा दोष नाही, कापण्याचा क्रम चुकतो आहे. निपर प्लास्टिक कापतो म्हणजे खरं तर त्यात पाचर घालून ते दोन्ही बाजूंना ढकलतो. भाग जाड असेल तर हा धक्का जिरून जातो. सांगाड्याची नडगी मात्र जेमतेम मिलिमीटरभर जाड असते. तिची दोन्ही टोकं फ्रेमला घट्ट धरलेली असताना एका टोकाला निपर चावला की सगळा ताण सर्वांत बारीक जागी जातो, म्हणजे घोट्यात.

म्हणून आधी फ्रेम मोकळी करा. भागाला हात न लावता त्याच्या भोवतीची जाड कांडी दोन-तीन ठिकाणी तोडा. आता तो भाग आपल्या देठांसकट वेगळा होईल आणि त्याला मागेपुढे सरकायला जागा मिळेल. मग देठ भागापासून दोन-तीन मिलिमीटर लांब कापा. उरलेलं खुंट निपरची सपाट बाजू भागाकडे ठेवून काढा, पण तेही अर्धा मिलिमीटर राखूनच. शेवटचा अर्धा मिलिमीटर चाकूने तासायचा. भाल्याच्या दांड्याला आणि घोट्याला निपर लावूच नका. तिथे धारदार पातं देठावर ठेवून हलकेच पुढेमागे चालवा, खाली कटिंग मॅट असू द्या. भाला हवेत धरून कापला की तुटलाच समजा.

कापण्याआधी अख्खी फ्रेम कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकून जुन्या टूथब्रशने धुवा. साच्यातून माल सुटावा म्हणून लावलेला तेलकट थर त्यावर राहिलेला असू शकतो आणि त्यावर रंग धरत नाही. पाणी कोमटच हवं. उकळत्या पाण्यात बारीक भाग वाकतात.

साच्याच्या दोन पाळ्या जुळतात तिथे एक बारीक रेघ उमटते. ती चाकूच्या पात्याच्या पाठीने खरवडा, धारेने नाही. कवटीच्या दोन्ही बाजू, मांडीची हाडं आणि भाल्याचा दांडा एवढ्या ठिकाणची काढली तरी पुरे. बरगड्यांमधली रेघ काढायच्या नादी लागू नका. तिथे एखादी बरगडी जाईल आणि ती रेघ नंतर वॉशखाली, म्हणजे फटीत उतरणाऱ्या पातळ गडद रंगाखाली, कुणाला दिसणारही नाही.

मोडलेल्या तीन घोट्यांचं काय? त्यात तार घालायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. पेपरक्लिपची तार जवळपास नडगीएवढीच जाड असते, ती घालायला गेलात की नडगी चिरते. गिटारची सर्वांत बारीक तार पाव मिलिमीटरची असते, ती चालेल, पण तेवढं भोक पाडायला लागणारा ड्रिल आणि स्थिर हात दोन्ही हवेत. आमचा सल्ला साधा आहे. प्लास्टिक सिमेंटने (त्याबद्दल पुढच्या उत्तरात) पाऊल परत जोडा, चोवीस तास उभं राहू द्या, आणि बेसवर, म्हणजे मिनी ज्यावर उभी असते त्या तळपाटीवर, त्या पायामागे नडगीला टेकेल असा एक खडा चिकटवा. भार खडा घेतो आणि पाहणाऱ्याला ते कबरस्तान वाटतं.

प्रश्न: फेव्हिक्विकने चिकटवले तर बरगड्यांवर पांढरी पूड धरते आणि आठवड्याभरात हात गळून पडतात. प्लास्टिकचं वेगळं सिमेंट घ्यावंच लागतं का? (रामबाग)

पॉलिस्टायरीनसाठी घ्याच. फेव्हिक्विक म्हणजे सायनोअॅक्रिलेट. ते दोन भागांच्या मध्ये एक कडक थर तयार करतं. हा थर सरळ ओढ सहन करतो, पण आडवा टोला बसला की काचेसारखा सुटतो. सांगाड्याचा खांदा दोन मिलिमीटरचा, त्याच्यापुढे लांबलचक भाला. डब्यातून काढताना भाल्याला बोट लागलं की तरफेसारखा सगळा जोर खांद्यावर येतो.

प्लास्टिक सिमेंट चिकटवत नाही, विरघळवतं. दोन्ही पृष्ठभाग मऊ होऊन एकमेकांत मिसळतात, द्रावक उडून गेलं की तिथे जोड उरत नाही, एकच प्लास्टिक राहतं. पातळ सिमेंटच्या बाटलीच्या झाकणात ब्रश असतो. दोन भाग जुळवून धरायचे आणि ब्रशचं टोक फटीला टेकवायचं, द्रव आपोआप आत शिरतो. खांद्यासारख्या छोट्या सांध्याला मात्र आधी दोन्ही बाजूंना थोडं लावून पाच सेकंद थांबा, मग दाबा. वितळलेल्या प्लास्टिकची बारीक सुरकुती बाहेर आली की जोड बसला. ती लगेच पुसू नका, बोटाचा ठसा उमटेल. दुसऱ्या दिवशी खरवडून टाका. पंधरा-वीस सेकंद धरलं की हात उभा राहतो, पण पूर्ण ताकद यायला एक दिवस जातो. बरगड्यांवर ब्रश ओला फिरवलात तर त्या चपट्या होतात, एवढं सांभाळा.

पांढरी पूड म्हणजे फेव्हिक्विकची वाफ, जी दमट हवेत जवळच्या पृष्ठभागावर बसून गोठते. गोंद जास्त लावला, किंवा ताजा चिकटवलेला सांगाडा झाकणबंद डब्यात ठेवला की ती हमखास धरते. प्रायमरखाली (रंगाआधी द्यायचा अस्तराचा हात) ती झाकली जाते, त्यामुळे त्या मिनी फेकू नका.

एक उपयोगी गोष्ट: फ्रेमचे तुकडे बारीक कापून अर्ध्या उरलेल्या सिमेंटच्या बाटलीत रात्रभर ठेवा. सकाळी दाट खळ तयार होते. खुब्यातली फट, मणक्यातली चीर भरायला तिच्यासारखं काही नाही. ती सुकताना आकसते, म्हणून दोनदा भरावी लागते. मोठ्या भेगेला एम-सील घ्या.

प्रश्न: आमच्यातले काही जण किंग्ज ऑफ वॉर खेळतात, काही वॉरहॅमर द ओल्ड वर्ल्ड. बेस कोणत्या मापाचे घ्यावेत? शिवाय ओळीत लावले की भाले एकमेकांत अडकतात. (राजेंद्र नगर)

किंग्ज ऑफ वॉरमध्ये पायदळाचा बेस २० मिलिमीटर चौरस, वीस जणांची रेजिमेंट पाच गुणिले चार, म्हणजे १०० × ८० मिलिमीटर. जानेवारी २०२४मध्ये आलेल्या ओल्ड वर्ल्डमध्ये सांगाडे २५ मिलिमीटर चौरस बेसवर आहेत, म्हणजे तेच वीस जण १२५ × १०० मिलिमीटर जागा घेतात. लहान बेस मोठ्या खाचेत बसतो, उलट होत नाही. तेव्हा सगळे २० मिलिमीटरवर लावा आणि ओल्ड वर्ल्डसाठी २५ मिलिमीटर अंतराच्या खाचांचा एक ट्रे एमडीएफमधून लेझर कटिंगवाल्याकडून कापून घ्या. फक्त किंग्ज ऑफ वॉरच खेळणार असाल तर सुटे बेस नकोतच. १०० × ८० मिलिमीटरच्या एकाच पाटीवर वीसऐवजी पंधरा-सोळा सांगाडे, मध्ये एक थडगं, एक वठलेलं झाड. त्या खेळात तुकडीतली माणसं एकेक करून उचलायची नसतात, त्यामुळे हे नियमात बसतं आणि दिसतंही जास्त छान.

भाल्यांचा घोळ जोडणीतच सोडवायचा असतो. पाय आणि धड चिकटवून झाले की हात ब्लू टॅकने (पुन्हा काढता येणारी चिकट पुटी) तात्पुरते लावा आणि पाचही जणांची ओळ शेजारी शेजारी उभी करून पाहा. पुढे रोखलेले भाले फक्त पहिल्या रांगेला द्या. मागच्या रांगांचे भाले उभे, जरासे खांद्याकडे झुकलेले. तलवारवाल्यांना कोपऱ्यात ठेवा, तिथे हात बाहेर काढायला जागा असते. जमलं की प्रत्येक बेसच्या तळाला क्रमांक लिहा. हे एक काम टाळणारे पुढे प्रत्येक खेळाआधी दहा मिनिटं कोडं सोडवत बसतात.

चुंबक लावायचे असतील तर बेसखाली लोखंडी वॉशर किंवा पत्र्याचा तुकडा आणि ट्रेमध्ये रबरी चुंबकाची शीट. दोन्हीकडे चुंबक लावले की उत्तर-दक्षिण ध्रुवांची भानगड सुरू होते.

वाळूबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण एमडीएफ म्हटलं की सांगायलाच हवं. एका बाजूला ओला फेव्हिकॉल पसरला की दोन-तीन मिलिमीटरची पाटी पापडासारखी वाकते, कारण एकच बाजू पाणी पिऊन फुगते. आधी तळालाही फेव्हिकॉलचा पातळ हात द्या. बांधकामाची वाळू चहाच्या गाळणीने चाळा, धुवा, पूर्ण वाळवा आणि प्रायमरच्या आधी लावा.

प्रश्न: माझा मुलगा आठवीत आहे. गॅलरीत स्प्रे मारतो, घरभर वास. मे महिन्यात मारलेले सांगाडे खरखरीत झाले, जुलैत मारलेले पांढुरके. त्याचा हट्ट आहे की स्प्रेशिवाय होतच नाही. (लोकमान्य नगर)

होतं. त्याला हे उत्तर वाचायला द्या.

इंदूरच्या मे महिन्यात पारा चाळिशीपार आणि हवा कोरडी. रंगाचा थेंब मिनीपर्यंत पोचायच्या आत हवेतच सुकतो आणि धूळ होऊन बसतो, तीच खरखर. जुलैत द्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि रंग किंवा वार्निश दुधाळ होतं. स्प्रेच मारायचा तर उन्हाळ्यात सकाळी लवकर, पावसाळ्यात उघडीप पाहून, २० ते २५ सेंटिमीटरवरून, हात सतत हलता ठेवून, दोन-तीन पातळ हात. हार्डवेअरच्या दुकानातल्या साध्या स्प्रेमध्ये तीव्र द्रावक असतं, ओला थर बसला तर पॉलिस्टायरीन खातं. आधी रिकाम्या फ्रेमवर मारून पाहा. आणि डब्यातला वायू ज्वलनशील असतो. स्वयंपाकघरातला गॅस किंवा देवघरातली समई पेटलेली असताना शेजारच्या गॅलरीत स्प्रे अजिबात नको. मास्क हवाच.

पण चाळीस-पन्नास मिनींसाठी ब्रशने लावायचा अॅक्रिलिक जेसो (चित्रकार वापरतात तो अस्तराचा रंग) पुरेसा आहे. खजुरी बाजारातल्या चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात विचारा. दोन भाग जेसो, एक भाग पाणी. एक पातळ हात, पूर्ण वाळल्यावर दुसरा. सुकताना तो ताणून बसतो. एकाच जाड हातात उरकलं तर मात्र बरगड्यांमधल्या फटी आणि दात बुजतात, आणि सांगाडा साबणाच्या वडीतून कोरल्यासारखा दिसतो.

प्रश्न: चाळीस सांगाडे आहेत. दिवाळीच्या सुट्टीत संपतील अशी रंगवायची रीत सांगा. (वाचक, इंदूर)

दहा-दहाच्या तुकड्या करा. लाकडी पट्टीवर दुहेरी टेपने चिकटवा, पाच सेंटिमीटर अंतर ठेवा, एकेक सुटा हातात घेऊ नका. फिकट हस्तिदंती रंगाचा पाया सगळ्यावर. मग वॉश. तयार घ्यायचा तर सिटाडेल ब्रँडचा स्केलेटन होर्ड नावाचा काँट्रास्ट रंग याच कामासाठी आहे, एका हातात पाया आणि सावली दोन्ही होतात. घरी करायचा तर एक भाग बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) अॅक्रिलिक, चार भाग मॅट मीडियम (रंगात मिसळायचं बिनरंगाचं माध्यम), पाच भाग पाणी. मीडियम वगळून नुसतं पाणी घातलं की प्रत्येक हाडावर चहाच्या कपाच्या डागासारखी कड राहते. लिक्विड सोपचा थेंब घालणारे पुष्कळ आहेत, रंग फटीत चांगला उतरतोही, पण फेस आला की बरगड्यांत बुडबुडे वाळून भोकं उरतात. घातलाच तर सुईच्या टोकावर मावेल एवढाच, आणि न ढवळता.

वॉश लावल्यावर मिनिटभरात स्वच्छ ओलसर ब्रशने कवटीच्या माथ्यावरचं आणि बेसजवळ पावलांत साठलेलं उचला. डोळ्यांच्या खोबणीत राहू द्या, तिथे तर तो हवाच आहे. पूर्ण वाळायला दोन तास द्या. मग ड्रायब्रश: जुना राठ ब्रश, हस्तिदंतीत थोडा पांढरा, कागदावर पुसून जवळजवळ कोरडा, आणि कवटी, खांदे, गुडघे यांवरून आडवा फिरवा. ब्रशवर रंग दिसत असेल तर तो अजून ओला आहे.

नंतर लोखंड. आधी गडद तपकिरी, वर चांदी फक्त धारेवर, खालच्या भागात नारिंगीचे चार ठिपके. सगळ्या ढाली एकाच रंगाच्या ठेवा. लांबून टेबलावर हाडांचा ढीग दिसतो, ढालींचा रंग त्याची तुकडी करतो. आमच्या मते विटकरी किंवा गडद निळा. पिवळा हाडांत हरवतो. बेस गडद ठेवा, म्हणजे फिकट पाय उठून दिसतात.

प्रश्न: जुना रंग काढायला थिनरमध्ये टाकले आणि त्यांचा चिखल झाला. (वाचक, इंदूर)

थिनर, अॅसिटोन आणि नेलपॉलिश रिमूव्हर पॉलिस्टायरीन विरघळवतात. ते सांगाडे गेले. पुढच्यांसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, जेल रोडला मोबाइल दुरुस्तीचं सामान मिळतं तिथे मिळेल. झाकणबंद काचेच्या बरणीत काही तास, मग मऊ टूथब्रश. आगीपासून लांब. डेटॉलही रंग काढतं, फक्त बाहेर काढल्यावर पाण्याखाली धरू नका, सुटलेला रंग चिकट चोथा होऊन बरगड्यांत बसतो. आधी ताज्या डेटॉलमध्येच घासून घ्या, नंतर पाणी. हातमोजे घाला.

प्रश्न: खेळण्यांच्या बाजारात मऊ प्लास्टिकचे सांगाडे स्वस्त मिळतात. ते फौजेत चालतील का? (वाचक, इंदूर)

भाला बोटाने वाकवून सोडा. परत सरळ झाला तर ते पॉलिस्टायरीन नाही. प्लास्टिक सिमेंट त्यावर चालणार नाही, आणि वाकणाऱ्या भागांवरचा रंग पापुद्र्याने निघेल. टेबलावरच्या सजावटीत अर्धे पुरून ठेवायला ठीक आहेत. कवट्या तेवढ्या कापून घ्या, थडग्यांवर लावायला बऱ्या पडतात.