घर घेताना वकील : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

घरखरेदीतल्या वकिलाविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच या वेळी घेतली आहेत. सारखेच प्रश्न अनेकांनी विचारले होते, ते एकत्र केले आहेत.

प्रश्न : चिंचवडला सोसायटीतला रिसेलचा फ्लॅट पसंत केला आहे. इमारत १९९६ची. गृहकर्जासाठी बँकेचा वकील कागद तपासणारच आहे आणि त्याची फीही आमच्याकडूनच घेतली आहे. एजंट म्हणतो, करारनामा आमचे वकील करून देतात, वेगळा वकील कशाला? विसार पुढच्या आठवड्यात द्यायचा आहे.
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : वेगळा वकील हवाच, आणि तो विसार देण्याआधी हवा.

फी तुम्ही भरली तरी त्या वकिलाची पक्षकार बँक आहे. त्याचा अहवाल बँकेच्या नावे असतो आणि बऱ्याचदा तुमच्या हाती पडतही नाही. उद्या कर्ज थकलं तर हा फ्लॅट विकून वसुली होईल का, एवढंच त्याला बघायचं असतं. सत्तर लाखांच्या घरावर बँकेचे पन्नास लाख असतील, तर घराची किंमत वीस लाखांनी पाडणारी अडचणसुद्धा बँकेला झेपते. ती झळ सगळी तुम्हाला बसते. शिवाय पार्किंग कागदावर आहे का, सोसायटीची थकबाकी कोण भरणार, ताबा उशिरा मिळाला तर काय, यांत बँकेला रस नसतो. एजंटच्या वकिलाबद्दल एवढंच सांगतो की त्याला पुढचं कामही एजंटच देणार आहे. व्यवहार मोडण्याचा सल्ला त्याच्या तोंडून येणं कठीण.

तुमच्या वकिलानं या फ्लॅटसाठी काय उघडून बघायचं? आधी साखळी. बिल्डरनं पहिल्या ग्राहकाशी केलेला करारनामा आणि त्यानंतरचा प्रत्येक दस्त; मूळ प्रत, नोंदणीची पावती आणि सूची क्रमांक २ (नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) यांसह. झेरॉक्सवर भागवू देऊ नका. मधला एखादा दस्त हरवला असेल तर पोलिसांत दिलेली तक्रार, दुय्यम निबंधकाकडची प्रमाणित प्रत आणि जाहीर नोटीस, एवढं झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

साखळीत कुणी मयत असेल तर तिथे थांबायचं. सोसायटीनं नॉमिनीच्या नावे शेअर सर्टिफिकेट केलं म्हणून नॉमिनी मालक होत नाही. बाकीच्या वारसांचा हक्क तसाच राहतो, म्हणून त्यांची नोंदणीकृत हक्कसोडपत्रं तरी हवीत, नाहीतर विक्रीच्या दस्तावर सह्या हव्यात.

मग बोजा. गृहकर्ज देताना बँका बहुधा मूळ कागद ठेवून घेऊन गहाण करतात. अशा गहाणाचा नोंदणीकृत दस्त व्हायलाच हवा असं नाही, त्यामुळे नुसत्या सूची दोनवर विसंबता येत नाही. महाराष्ट्रात २०१३पासून अशा गहाणाची सूचना निबंधकाकडे द्यावी लागते, पण त्याआधीची आणि न दिलेली प्रकरणं उरतातच. म्हणून 'सेरसाई' या गहाणांच्या केंद्रीय नोंदवहीतही शोध घ्यायचा. तो नाममात्र फी भरून कुणालाही घेता येतो. वकील हे नाव ऐकून गोंधळला तर दुसरा वकील बघा.

तुमच्या भागात एक चूक वारंवार होते. पुणे शहर आणि परिसरात हवेली तालुक्याची वीसहून अधिक दुय्यम निबंधक कार्यालयं आहेत आणि दस्त त्यांपैकी कुठेही नोंदला गेलेला असू शकतो. एकाच कार्यालयातला शोध म्हणजे अर्धवट शोध. अहवालात कार्यालयांची यादी आहे का ते बघा.

भोगवटापत्र आणि सोसायटीच्या नावे जमिनीचं अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स) झालं आहे का, हेही विचारून घ्या. ते झालेलं नसेल तरी फ्लॅट घेता येतो, पण पुढे पुनर्विकासाच्या वेळी त्याची अडचण होते, तेव्हा भाव ठरवताना ते धरा.

शोध, जाहीर नोटीस आणि तिची चौदा दिवसांची मुदत धरून तीनेक आठवडे लागतात. पुढच्या आठवड्यात विसार द्यायचाच असेल तर रक्कम छोटी ठेवा आणि पावतीवर लिहून घ्या : 'खरेदीदाराच्या वकिलाचा शोध अहवाल निर्वेध न आल्यास संपूर्ण रक्कम पंधरा दिवसांत परत करण्यात येईल.' निर्वेध म्हणजे मालकीत अडथळा नसलेला. या ओळीवर सही करायला विक्रेता तयार नसेल, तर का नाही हे आत्ताच कळलेलं बरं.

प्रश्न : ओळखीत कुणी वकील नाही. चांगला वकील ओळखायचा कसा? आणि फी किती योग्य?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिलांना जाहिरात करायला मनाई आहे. त्यामुळे जाहिरात बघून काही ठरवू नका. दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर टायपिंग आणि दस्तलेखन करणारे बसतात. त्यांचं काम उपयोगाचं असतं, पण ते मालकी तपासत नाहीत. मालकी तर दुय्यम निबंधकही तपासत नाही; तो दस्त नोंदवतो. रजिस्ट्री झाली म्हणजे सगळं पक्कं, हा समज फार महागात पडतो.

विचारायचं असेल तर पाच-सात वर्षांपूर्वी त्याच भागात घर घेतलेल्यांना विचारा. दोन-तीन नावं मिळाली की प्रत्येकाला समक्ष भेटा. सनद क्रमांक, म्हणजे वकिलीच्या परवान्याचा क्रमांक मागा, महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलचा. तो मागण्यात संकोच नको. मग विचारा : शोध तुम्ही स्वतः घेता की कारकून? कारकुनानं सूची चाळली तर चालतं, पण सापडलेला प्रत्येक दस्त वकिलानं स्वतः वाचायला हवा. याच विक्रेत्याचं, बिल्डरचं किंवा एजंटचं काम तुमच्याकडे आहे का, हेही सरळ विचारा. शेवटी, नावं झाकून एखादा जुना शोध अहवाल दाखवाल का असं म्हणा. अहवाल हातात आला की माणूस कसं काम करतो ते दोन मिनिटांत कळतं.

फीचा ठरलेला दर नाही. गावागावात, मिळकतीप्रमाणे फरक पडतो. पण ती कशी आकारतात याला महत्त्व आहे. घराच्या किमतीच्या टक्केवारीत आणि व्यवहार पूर्ण झाल्यावरच फी, अशी बोली नको, कारण मग व्यवहार होण्यात वकिलाचाही फायदा अडकतो. ठोक रक्कम ठरवा आणि तीत काय काय येतं ते वेगवेगळं लिहून घ्या : शोध व अहवाल, जाहीर नोटीस, मसुदा, नोंदणीच्या दिवशी हजेरी. शोधाची सरकारी फी आणि वर्तमानपत्राचा खर्च वेगळा; त्याचं चलान आणि बिल मागून घ्यायचं.

हे सगळं लेखी हवं, याला आणखी एक कारण आहे. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं १४ मे २०२४ रोजी दिला. काम निष्काळजीपणानं झालं तर ग्राहक मंचाचा रस्ता बंद आहे. गैरवर्तनाची तक्रार बार कौन्सिलकडे आणि भरपाईचा दावा दिवाणी न्यायालयात, एवढंच उरतं. दिवाणी दाव्यात 'तीस वर्षांचा शोध घ्यायचं ठरलं होतं' हे सिद्ध तुम्हालाच करावं लागतं. ठरलेल्या कामाचा एक ईमेल तेव्हा कामाला येतो.

प्रश्न : साताऱ्याजवळ बिनशेती प्लॉटवरचा बंगला घेतो आहोत. वकिलांनी दीड पानाचा अहवाल दिला : 'मिळकत निर्वेध व विक्रीयोग्य आहे.' पण जुन्या सातबाऱ्यावर एका नावामागे 'ए.कु.मॅ.' असं दिसतं. वकील म्हणतात, जुनी नोंद आहे, सोडून द्या. सोडून द्यावं का?
— एक वाचक, कराड

उत्तर : मुळीच नाही. जुन्या नोंदी वाचण्यासाठीच तर वकील लावायचा असतो.

ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. वडील वारल्यावर थोरल्या मुलाचं नाव सातबाऱ्यावर लावायचं आणि बाकी भावाबहिणींची नावं त्याच्या पोटात धरायची, अशी ही रीत होती. नोंदीतला माणूस एकटा मालक नसतो. तो सगळ्यांच्या वतीनं उभा असतो. पुढे सातबारा नव्यानं लिहिताना ही तीन अक्षरं गळतात, त्याच्या मुलांची नावं वारस म्हणून लागतात आणि तिसरी पिढी एकट्या मालकीनं जमीन विकते. आत्यांची नावं कुठेच दिसत नाहीत, पण हक्क असतो.

हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली आणि मुलगी जन्मानं सहदायाद, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलासारखीच हिस्सेदार ठरली. त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२०मध्ये स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्तानं किंवा कोर्टाच्या हुकुमानं झालेलं वाटप आणि त्याआधीची विक्री या दुरुस्तीनं उलटत नाही. म्हणून तुमच्या प्रकरणात तारखा लावूनच बघावं लागेल : मॅनेजरच्या नावाचा फेरफार (सातबाऱ्यावरच्या बदलाची नोंद) कोणत्या साली झाला, वाटप झालं का, प्लॉट पाडून पहिली विक्री कधी झाली, तिच्यावर कोणाकोणाच्या सह्या आहेत.

वकिलांकडून हे मागा : सातबाऱ्यावरच्या प्रत्येक फेरफाराचा उतारा, त्यातली वर्दी (नोंदीसाठी तलाठ्याला दिलेली माहिती) आणि जबाब, प्रतिज्ञापत्रावर वंशावळ, आणि प्रत्येक बहिणीचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र. तलाठ्यापुढचा जबाब किंवा शंभराच्या स्टॅम्पवरची सही हक्कसोड म्हणून चालत नाही. हक्कसोड नसेल आणि बहिणी हयात असतील, तर त्यांना तुमच्या खरेदीखतात 'मान्यता देणार', म्हणजे विक्रीला संमती देणारा पक्ष म्हणून घ्या. आत्ता सही देतील का, हे विचारून बघण्याची वेळ पैसे देण्याआधीचीच.

सातबारा ही महसुली नोंद आहे. उलट पुरावा येईपर्यंत ती खरी धरतात, इतकंच. 'इतर हक्क' रकानाही वाचा. तिथे 'कु.का. (म्हणजे कूळकायदा) कलम ४३ च्या बंधनास पात्र' असा शेरा कधी होता का, आणि असेल तर विक्रीची परवानगी घेतली होती का, ते बघायला हवं.

दीड पानाबद्दल. निर्वेध हा शब्द वरच्या मजकुराइतकाच भक्कम असतो. कोणती वर्षं बघितली, कोणत्या कार्यालयात, कोणत्या सालचं रजिस्टर फाटलेलं होतं, कोणत्या सालची सूची तयार नव्हती, हे अहवालात लिहिलेलं असावं. 'अमुक सालची पानं जीर्ण असल्यानं शोध घेता आला नाही' असं वाक्य आलं तर घाबरू नका. ते प्रामाणिक काम आहे, आणि ती फट जाहीर नोटिशीनं आणि विक्रेत्याच्या हमीनं थोडीफार झाकता येते.

प्रश्न : ठाण्याला राहतो, गोव्यात बार्देशमध्ये जुनं घर घ्यायचं आहे. आमचे ठाण्याचे वकील विश्वासाचे आहेत. त्यांच्याकडूनच काम करून घ्यावं का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : मसुदा त्यांना वाचायला द्या, शोध मात्र गोव्यातल्या वकिलाकडून घ्या. तिथला कायदाच निराळा आहे. पोर्तुगीज नागरी कायद्याच्या परंपरेत लग्नानंतर मालमत्ता सहसा दोघांची सामाईक होते, वारशानं आलेलीसुद्धा. घर एकट्या नवऱ्याच्या नावे दिसलं तरी बायकोची सही लागते. चार भावंडं वारस असतील तर चौघांच्या जोडीदारांच्याही सह्या. वारस ठरतात ते वारस-दस्तानं किंवा इन्व्हेंटरीनं, म्हणजे मयताच्या मालमत्तेची यादी करून वाटणी करण्याच्या कोर्टातल्या कारवाईनं. ठाण्यातल्या सवयीनं काम करणाऱ्याला ही सही सुटल्याचं कळणारही नाही.

कागदही वेगळे. सातबाऱ्याच्या जागी गावात फॉर्म १ व १४, शहरात फॉर्म डी, आणि त्यांच्यामागे पोर्तुगीज भाषेत हातानं लिहिलेल्या जुन्या नोंदी. फॉर्म १ व १४वर कूळ आणि इतर हक्क हे रकाने आधी वाचायचे. घराच्या आवारात दुसरं छोटं घर असेल आणि तिथे कुणी पिढ्यान्‌पिढ्या राहत असेल, तर तो मुंडकार असू शकतो. १९७५च्या कायद्यानं त्याला संरक्षण आहे. जमीन कोमुनिदादची, म्हणजे गावाच्या सामूहिक संस्थेची नाही ना, हेही बघावं लागतं.

महाराष्ट्रातही हीच गोष्ट. नवी मुंबईत सिडकोची जमीन भाडेपट्ट्याची, हस्तांतराला सिडकोची परवानगी लागते. मराठवाड्यात १९५४च्या खासरा पाहणी पत्रकापर्यंत आणि निजामकाळातल्या उर्दू कागदांपर्यंत मागे जावं लागतं. कोकणात एका सातबाऱ्यावर तीस-चाळीस सामाईक खातेदार निघतात आणि निम्मे मुंबईत असतात. ते रजिस्टर रोज हाताळणारा माणूस तालुक्याच्या गावीच सापडतो.

प्रश्न : विक्रेता दुबईत आहे, त्याचा भाऊ कुलमुखत्यार म्हणून सही करणार. चालेल का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : चालेल, पण कुलमुखत्यारपत्र भारतीय वकिलातीतून साक्षांकित झालेलं आहे का, भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरला का, आणि त्यात विकण्याचा, रक्कम स्वीकारण्याचा आणि नोंदणीसाठी दस्त हजर करण्याचा अधिकार स्पष्ट लिहिला आहे का, हे वकिलाकडून तपासून घ्या. देणारा वारला की ते रद्द होतं. म्हणून नोंदणीच्या दिवशी विक्रेत्याशी व्हिडिओ कॉलवर बोला. पैसे विक्रेत्याच्या स्वतःच्या एनआरओ (अनिवासी भारतीयाच्या इथल्या) खात्यात जाऊ द्या, भावाच्या खात्यात नाही.

आणि कर. पन्नास लाख किंवा त्याहून जास्त किमतीला एक टक्का टीडीएस (खरेदीदारानं पैसे देताना कापून सरकारकडे भरायचा कर) हा नियम निवासी विक्रेत्यासाठी आहे. अनिवासी विक्रेत्याला तो लागू नाही. तिथे टीडीएस खूप जास्त दरानं कापावा लागतो आणि कमी कापला तर वसुली तुमच्याकडून होते. विक्रेत्यानं आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला आणला तरच दर कमी होतो. हा दाखला यायला वेळ लागतो, तेव्हा करारनाम्यात शेवटच्या हप्त्याची तारीख त्या बेतानं ठेवा.